हाडातलं मेण

"हे मेण आहे," मोठे डॉक्टर म्हणाले आणि चिमट्यातला पांढरा गोळा त्यांनी सुनेपुढे धरला.

सून याच हॉस्पिटलची जंतुतज्ज्ञ. सगळे तिला जंतूबाई म्हणत. टेबलावर एक बसचालक होता. हृदयाचं ऑपरेशन झकास झालं, पण छातीची जखम पिकली आणि आज पुन्हा उघडावी लागली. असा हा तिसरा पेशंट.

"रक्त थांबवायचं मेण ना, बाबा?"

"हो. पण त्यात जंतू घर करतात. मी छातीच्या कापलेल्या हाडाला अँटिबायोटिकची पेस्ट चोळतो, तिनेच हाड पाझरायचं थांबतं. मेण कशाला लागेल?"

खापर मात्र पेस्ट कालवणाऱ्या सिस्टरवर फुटलं होतं. आज उलगडा झाला नाही तर तिची नोकरी जाणार होती.

जखमेतला जंतू जंतूबाईने प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवला होता. सिस्टरने कालवलेली पेस्ट त्यावर घातली. जंतू साफ मेला.

"सिस्टर, पेस्ट दिली होती?"

"दरवेळी."

"आणि मेण?"

"मागितलं की द्यायचं. आमचं काम ते."

"कोणी मागितलं?"

"माझ्या तोंडून नाही यायचं ते, बाई."

जंतूबाईचा नवरा, म्हणजे धाकटे डॉक्टर, वडिलांचा सहायक. तो म्हणाला, "वय झालंय गं सिस्टरचं. पेस्ट द्यायला विसरल्या असतील. बरं, आज जखमेत काय वाढलं?"

हा प्रश्न तो रोज जेवताना विचारायचा. बायकोच्या कामाचं एवढं कौतुक! मैत्रिणी जळायच्या तिच्यावर.

ती सगळ्यांना मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेली.

"पेस्ट चांगली आहे. नुसती विसरली असती, तर हाड कोरं सापडलं असतं. मेण कोणीतरी हाताने भरलंय, कारण पेस्टशिवाय हाड पाझरतं. बाबा, हृदय सुरू झालं की तुम्ही नातेवाइकांना सांगायला बाहेर जाता. मग छाती कोण बंद करतं?"

मोठे डॉक्टर मुलाकडे बघत राहिले. सिस्टरने पदर डोळ्यांना लावला.

"काहींना पेस्ट, काहींना मेण," ती नवऱ्याला म्हणाली. "तुलना चालली होती तुझी."

"सरसकट अँटिबायोटिक नको, हेच मी सांगत होतो!" तो उसळला. "बाबा चारचौघांत हसले मला. सिद्ध करून दाखवणार होतो."

"त्या पेशंटना विचारलंस?"

तो टेबलावरचे कागद चाळू लागला.

"सिस्टरवर आळ आला, तेव्हा गप्प बसलास. आणि मी! कुठल्या जखमेत काय वाढलं, ते भाबडेपणाने तुला रोज सांगत होते. मला वाटायचं, कौतुक आहे." इतकं तिला कोणी फसवलं नव्हतं.

"आपण घरी बोलू," तो हळूच म्हणाला.

"घरी बोललेलं कुठे जातं, ते कळलं मला."

मोठ्या डॉक्टरांनी टेबलावरचा फोन तिच्यापुढे सरकवला. तिने हॉस्पिटलच्या प्रमुखांचा नंबर फिरवला.