प्लगवरची काजळी

माझ्या वडिलांची, म्हणजे आण्णांची, मोटारसायकल कोल्हारच्या पुलाअलीकडे फटफट करत गप्प झाली, तेव्हा मी मागे नाक मुरडून बसले होते. शिवणक्लासला उशीर होणार होता. समोरच लिंबाखाली सोपानचं गॅरेज निघालं. हा मात्र निव्वळ योगायोग… निदान त्या वेळचा तरी!

त्यानं इंजिनातला प्लग काढला, उन्हात धरला आणि वैद्यानं नाडी बघावी तसा त्याच्या टोकाकडे बघत राहिला.

“काय दिसतं हो त्यात?” मी विचारलं.

“समदंच. पांढरा पडला तर इंजिन उपाशी. काळा पडला तर अजीर्ण. खारकेवानी तांबूस झाला की ब्येस… आण्णा, पेट्रोलात आईल लई वतलंय तुमी.”

“इंजिनाला जरा पोसावं म्हनलं,” आण्णा ओशाळून म्हणाले. गाडीला त्यांनी म्हशीसारखी पेंड चारली होती!

सोपाननं टाकी रिकामी करून बेतानं ऑइल घातलेलं नवं पेट्रोल भरलं, प्लग घासून बसवला, सुसाट पुलापर्यंत गेला आणि वळून येताना भर वेगात इंजिन बंद केलं. गाडी आवाज न करता माझ्यापुढे येऊन थांबली. “आसं बंद केलं म्हंजी खरा रंग ऱ्हातो,” म्हणत त्यानं प्लग काढून पुढे धरला. तांबूस! मी थक्क झाले. बंद लोखंडात, कुणाला न दिसणाऱ्या जाळात काय चाललंय ते हा माणूस वाचत होता. मी प्लग पाहिला, मग त्याचे डोळे पाहिले… आणि क्लासला जायचंच विसरले.

पुढे गाडी शहाण्यासारखी चालू लागली आणि माझी पंचाईत झाली. त्यात गुरुवारी जामखेडचे पाहुणे मला बघायला येणार असं ठरलं. मग मंगळवारी मी गुपचूप प्लग काढला आणि रॉकेलच्या चिमणीवर धरून काळाकुट्ट केला.

बुधवारी गाडी खोकत खोकत गॅरेजला पोचली. आण्णा मला तिथंच सोडून समोर चहाला गेले. सोपाननं प्लग काढून बराच वेळ फिरवला.

“टोक वाटंत जळून तांबूस झालंय. काजळी वर लागलीय… भायेरच्या चिनीमातीवर. हितं इंजिनाचा जाळ येतच न्हाई.” मग हळूच म्हणाला, “चिमनीची हाय ना? कुनी लावली?”

“तुम्हाला तर सगळंच दिसतं…”

“दिसतंय. पर बोलायचा धीर हुत न्हाई.”

“मग उद्या जामखेडकर बोलतील. मला बघायला येतायत.”

त्याच्या हातातला पाना खाली पडला.

“काय झालं रं गाडीला?” आण्णा परत आले होते.

“गाडीला कायबी न्हाई, आण्णा. मला… तुमच्या विजयमालाशी लगीन करायचं हाय.”

आण्णांनी प्लग उलटसुलट पाहिला, मग माझ्या नखांतली काजळी पाहिली.

“तरीच काल भर दुपारी चिमनी पेटली हुती,” ते म्हणाले. मग प्लग त्यांनी सोपानच्या हातात ठेवला. “जामखेडला सांगावा धाडतो. तू सांजच्याला वडलांना घिऊन घरी ये.”

ते गाडीकडे वळले. सोपाननं प्लग पुसायला फडकं उचललं.

“राहू द्या ना… तेवढी काजळी,” मी म्हणाले.

तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला.

“ऱ्हाऊ द्या. हितं जाळ येत न्हाई. ती जळायची न्हाई.”