दुसऱ्या सहीचं कार्ड

वॉशिंग्टनमधल्या त्या लाकडी कचेऱ्या लढाईपुरत्या बांधल्या होत्या. लढाई संपून तीन वर्षं झाली, तरी उभ्याच. त्यातल्याच एकीत, रात्री शेगडीशी बसून, म्हातारे पहारेकरी टिब्सकाका दोन नव्या शिपायांना तिथल्या भुताची गोष्ट सांगत होते.

"काका, कचेरी तात्पुरती, मग भूतही तात्पुरतंच असणार!" त्यातला धाकटा हसला.

"हस बाबा. व्हर्नाला मी ओळखायचो, म्हणून सांगतो."

१७ नोव्हेंबर १९४४, शुक्रवार. रात्रीचे अकरा चाळीस. टायपिस्ट व्हर्ना सॅटरव्हाइट मेलेल्या खलाशांच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन निघाली. तळ्यापलीकडच्या कचेरीत दुसऱ्या कारकुनाची सही व्हायची. ती झाल्याशिवाय घरच्यांना तार जायची नाही. तळ्यावर छप्पर घातलेला लाकडी पूल होता. तिचा रोजचाच रस्ता.

पुलावर गठ्ठ्याची दोरी सुटली. कार्डं गोळा करताना एकावरचं नाव दिसलं. डॉर्सी सॅटरव्हाइट. तिचा धाकटा भाऊ.

ती रडली नाही. सही नाही तर तार नाही, आणि तार नाही तर आईचा डॉर्सी जिवंत. त्याच्या जहाजाबरोबर बाकीचे कागद बुडाले होते. उरलं होतं ते हे एकच कार्ड. तिनं ते कोटात खुपसलं.

मागे फळ्या वाजल्या.

ती थांबली. पावलं थांबली नाहीत.

"व्हर्ना... दे ते."

आवाज डॉर्सीचाच. दमलेला.

"नाही देणार. आई जीव सोडेल रे."

"सही झाल्याशिवाय मला जाता येत नाही गं..."

तिनं मागे पाहिलं नाही.

"थंडी वाजतेय, व्हर्ना..."

तिनं कार्ड फाडलं. तुकडे पाण्यात टाकले.

मग... काहीच नाही. पावलंही नाहीत.

"आणि तार?" शिपायानं हळूच विचारलं.

"गेलीच नाही. लढाई संपली तशी आई रोज गावच्या स्टेशनात जायला लागली. प्रत्येक गाडीला. एक दिवस तिथल्याच बाकावर संपली. मग व्हर्नानं साहेबांना सगळं खरं सांगितलं. साहेब म्हणाले, 'कार्ड आणा.' पोरगा देशासाठी मेला, आणि सरकारला पुठ्ठ्याचा तुकडा हवा! डॉर्सी आजही ना जिवंतांत, ना मेलेल्यांत."

काकांनी शेगडीत एक लाकूड सारलं.

"पुढे पूल पाडला. या जानेवारीत तळं गोठलं. रात्रभर बर्फ पडला. सकाळी तिथं मीच पहिला. पूल होता त्या रेषेत... बर्फावर पावलं. अनवाणी. काठापासून हातभर अलीकडे येऊन वळलेली. मग दुसऱ्या काठाकडे. तिथंही वळलेली. पुन्हा... पुन्हा...

काठावर मात्र एकही नाही."