लाँग मेडोखाली

पटलं नाही तर सोडून द्या. पण खोटं म्हणू नका.

जॅनिस वेनरला मी चांगला ओळखतो. शेजारच्याच गावात माझं औषधांचं दुकान आहे. ती शाळेत मुलांचं जेवण रांधते. तोंडाची फटकळ, पण बाई सरळ. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की हसत उठून जायची.

जायची म्हणतोय. आता नुसती बसून राहते.

हे घडलं इंग्लंडच्या डेव्हन भागात, हॅझलकूम गावात. नोव्हेंबरातला शनिवार. चार वाजून गेले होते आणि बाहेर अंधारून आलं होतं. धुकं इतकं, की सभागृहाच्या दारातून समोरचं चर्चही दिसत नव्हतं.

आत सभा भरली होती. गावाला लागून लाँग मेडो नावाचं मोठं कुरण आहे. मालक डेन्झिल लक्स्टन ते एका बिल्डरला विकणार होता. साठ घरं उठणार होती. गावाचं म्हणणं काय, ते ऐकायला ही सभा.

जॅनिसला ती घरं हवी होती. तिचा मुलगा लुईस आणि सून बेथन तिच्या परसात चाकांवरच्या खोलीसारख्या एका जुन्या कॅरॅव्हानमध्ये राहत होते. भिंतींना बुरशी, गादीला ओल. बेथनला सातवा महिना. गावात घरं नव्हती असं नाही. निम्म्या घरांना कुलपं होती. शहरातले मालक उन्हाळ्यात येऊन जायचे.

विरोधकांचा पुढारी होता ॲलिस्टर मॉनक्रीफ. निवृत्त होऊन लंडनहून आलेला. त्याच्या बंगल्याची मोठी खिडकी थेट कुरणावर उघडायची.

"त्या कुरणात चंडोल घरटी करतात!" तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "त्यांचा विचार कोण करणार?"

"आणि माझ्या पोरानं घरटं कुठं करायचं? तुमच्या गॅरेजात?" चहाच्या टेबलामागून जॅनिस म्हणाली.

मागच्या रांगेत हशा पिकला.

"जॅनिस, इथे खासगी गाऱ्हाणी नकोत."

"बरोबर. तुमची खिडकी तेवढी सार्वजनिक."

पुन्हा हशा. मॉनक्रीफचे कान लाल झाले.

आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका बाईने तोंडातला चहा कपात थुंकला.

"दूध नासलंय, जॅनिस."

नासणार कसं? दूध दुपारीच आणलेलं. जॅनिसने बाटली नाकाशी नेली... आणि झटकन लांब धरली. दूध पिवळट झालं होतं. ओतलं तर लाळेसारखी तार धरत होतं.

तिने दुसरी बाटली उघडली. कोरी, सीलबंद.

तीही तशीच.

त्या घट्ट सायीत काहीतरी चिकटलं होतं. तिने चमच्याने वर काढलं...

केस. आखूड, तांबूस, राठ. गाईचे.

मग वास आला. आधी चुन्याचा, घसा खरवडणारा. त्यामागून दुसरा. बंद फ्रीजमध्ये आठवडाभर विसरलेल्या मटणाचा.

आणि मग... लाकडी फरशीखालून...

हंबरणं.

लांब, खोल, दबलेलं. तोंडात माती भरलेल्या जनावराने हंबरावं तसं.

जॅनिसने सभागृहाकडे पाहिलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. कुणाचा कप ओठांपाशी थांबला होता. कुणी पाय वर उचलून घेतले होते. पण जुनी गावकरी मंडळी माना खाली घालून आपापल्या मांडीकडे बघत होती.

मॉनक्रीफ आणखी मोठ्या आवाजात सुरू झाला.

"तर, चंडोल..."

जॅनिसच्या शेजारी म्हातारी विनी चग बशा पुसत होती. तिचा सगळा जन्म याच गावात गेलेला.

"विनी, काय आहे हे?"

"लक्स्टनची गुरं, पोरी." विनीने बशी पुसणं थांबवलं नाही. "लाळ्या-खुरकतीची साथ आली ना, तेव्हा सगळा कळप मारून टाकला. तू लग्न होऊन यायच्या आधी. एका दिवसात उरकायचं होतं, म्हणून गोळ्या घालणाऱ्यांनी घाई केली. लाँग मेडोत खड्डा खणला, गुरं लोटली, वर चुना टाकला."

"मग?"

"मग काय... सगळी मेलेली नव्हती. माती टाकल्यावरही दोन दिवस ऐकू येत होतं."

"आणि तुम्ही?"

"खिडक्या लावून घेतल्या."

"या मॉनक्रीफला माहीत आहे?"

"घर घेताना सगळी चौकशी केली होती त्यानं. तिथे खोदलं तर बोभाटा होईल, घराला कुत्रं विचारणार नाही. चंडोल कसले डोंबलाचे!"

"मग तुम्ही तरी बोला की."

"काय बोलू? गावाचा झरा त्याच उताराला आहे. इतकी वर्षं तेच पाणी पितोय सगळे." तिने बशीवर बशी ठेवली. "तूसुद्धा."

पुन्हा हंबरणं. या वेळी जवळून.

डेन्झिल लक्स्टन ताडकन उठला. साठीचा, धिप्पाड गडी. तोंड पांढरंफटक.

"रोझी," तो म्हणाला. "हंबरते ती माझी रोझी आहे."

आणि दार ढकलून धुक्यात निघून गेला.

एकही माणूस उठला नाही. जॅनिस मात्र त्याच्या मागे धावली. हा फिरला तर घरं गेली, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनेच मला तसं सांगितलं.

कुरणाचं फाटक उघडं होतं. आत पाय ठेवला आणि जमीन दबली. गवताखालून काहीतरी पचकन वर आलं. बुटात शिरलं.

"डेन्झिल!"



नुसता श्वास. एकाचा नाही... कितीतरी नाकपुड्यांचा, जड, ओला श्वास. चहूबाजूंनी.

धुक्यात पाठी दिसू लागल्या. तांबूस, ओल्या, जागोजागी चुन्याने पांढऱ्या पडलेल्या. सगळी गुरं उभी होती. सगळ्यांची तोंडं सभागृहाकडे.

त्यांच्यामध्ये डेन्झिल गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती उकरत होता. "आलो, बाई, आलो," म्हणत होता.

जॅनिसला हलता येईना.

मग तिच्या लोंबकळत्या हाताला काहीतरी लागलं...

जीभ. खरखरीत, थंड. मनगटापासून बोटांपर्यंत सावकाश फिरली. आणि चाटता चाटता त्या जिभेचा एक तुकडा जॅनिसच्या तळव्यातच राहिला.

ती किंचाळत धावत सुटली.

सभागृहात शिरली तेव्हा भाषणं आटोपली होती. केक कापला होता. तो वास तसाच कोंदलेला होता आणि माणसं जॅम आणि क्रीमचा केक खात होती. बोटं चाटत होती. मॉनक्रीफच्या मिशीला क्रीम लागलं होतं.

जॅनिस दारातच भडाभडा ओकली.

"ती उभी आहेत तिथे!" ती ओरडली. "जाऊन बघा! डेन्झिल हातांनी खणतोय!"

कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

"जॅनिस, तू दमली आहेस," मॉनक्रीफ मऊ आवाजात म्हणाला. "घरी जा. आणि जाताना तेवढं पुसून घेशील का?"

तिने पुसलं नाही.

डेन्झिल पहाटे एकटाच परतला. बोटांना नखं उरली नव्हती. पुढच्याच महिन्यात त्याने कुरण विकलं आणि निघून गेला. कुठे, ते गावात कुणाला माहीत नाही. कुणी विचारतही नाही.

बरीच भांडाभांडी होऊन शेवटी निम्म्या घरांना परवानगी मिळाली. मॉनक्रीफच्या खिडकीसमोरची बाजू तेवढी मोकळी सोडली. खोदताना काय निघालं, ते गावाला कळलं नाही. ट्रक ताडपत्री बांधून जायचे आणि रस्त्यावर चुना सांडलेला असायचा.

लुईसला घर मिळालं. जॅनिसने त्याला सगळं सांगितलं होतं.

"खरं असेल, आई. पण बाळाला खोकला सुटलाय. आता कुठे नेऊ त्यांना?"



मागच्या आठवड्यात ती पहिल्यांदा त्या घरी राहायला गेली. नवं स्वयंपाकघर, पांढऱ्या फरश्या. बाहेर कडाक्याची थंडी. पोरगी जमिनीवर उघड्या अंगाने खेळत होती.

"अरे, सर्दी होईल तिला!" जॅनिस म्हणाली.

"हात लावून बघ, आई," लुईस हसला. "फरशी कायम उबदार असते. बिल्डरला विचारलं, जमिनीखालून गरम करायची सोय केलीय का? तो म्हणाला, छे, या घरांत तसलं काही नाही."

जॅनिसने खाली वाकून फरशीवर तळवा टेकवला.

फरशी उबदार होती.

आणि अगदी सावकाश... वरखाली होत होती.