चाळीस फायलींवरचं नाव

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यातला एक शब्द मी रचलेला नाही. गेल्या शनिवारची गोष्ट. भरदुपारी, ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात.

मी हेमांगी. कोपरीत राहते. आमच्या तिकिटांच्या ॲपचे चाळीस सर्व्हर आहेत. प्रत्येकावर एक फाइल असते. ॲप कसं चालवायचं, बंद पडलं तर पुन्हा कसं उठवायचं, सगळं त्यात. सगळ्यात वर सांभाळणाऱ्याचं नाव. टीमची पद्धत अशी, की जुनं नाव खोडायचं नाही. त्याच्यासमोर शेवटच्या दिवसाची तारीख टाकायची आणि खाली आपलं नाव लिहायचं.

चाळीसही फायलींवर एकच नाव. रत्नदीप.

टिटवाळ्याचा. माझ्यानंतर लागला आणि माझ्याआधी लीड झाला. काही अडलं की सगळे म्हणायचे, "रत्नदीपला विचार." खोटं कशाला बोलू, अंगाची नुसती आग व्हायची माझ्या.

मार्चमध्ये काविळीने गेला तो. रडले मी. पण त्याची जागा मला मिळाली तेव्हा बरंही वाटलं.

शनिवारी ऑफिसात मी एकटीच होते. तारीखबिरीख न टाकता त्याचं नाव सरळ खोडलं. चाळीस ठिकाणी. माझं लिहिलं आणि ॲप पुन्हा चालू केलं.

एकोणचाळीस सर्व्हर उठले.

चाळिसावा... उठेना.

फाइल उघडली. वर रत्नदीप.

"मेल्यावरही याचंच नाव!" मी मोठ्याने बोलले. खोडलं. परत तेच.

तिसऱ्यांदा खोडायला गेले आणि मागून आवाज आला... टक टक टक. त्याच्या टेबलावरून.

तिथे कीबोर्डच नाहीये. केव्हाच स्टोअरमध्ये जमा झालाय.

आवाज थांबला. चाळिसावा आपोआप उठला.

तेवढ्यात आमच्या मॅनेजरचा, सुधीर सरांचा, घरून फोन. "हेमांगी, काय केलंस गं? मस्त चालतंय. अगदी रत्नदीपच्या वेळेसारखं."

जिव्हारी लागलं मला.

मग मी सगळ्या फायली उघडल्या.

वर रत्नदीप. समोर तारीख नाही.

खाली हेमांगी. माझ्यासमोर मात्र तारीख आहे... येत्या शनिवारची.

राजीनामा मी दिलेला नाही. आई म्हणते, "सोड गं ती नोकरी." सोडली तर परत सगळे त्याचंच नाव घेणार. नाही सोडणार. शनिवारी मी ऑफिसला जाणार.

आज गुरुवार. सकाळी आरशात डोळे जरा पिवळे वाटले... बाथरूमचा बल्बच तसा असेल.