जिवंत परीक्षा

एका पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, ही गोष्ट प्रभाकर खांबेटे यांना पाच महिने डाचत होती.

पत्र पोस्टाने आलं होतं, वहीच्या कागदावर, निळ्या शाईत. लिहिणारी होती कावेरी घोरबांड, मुक्काम लोहा, जिल्हा नांदेड. जलसूत्र संस्थेत प्रोग्रॅम लिहिण्याची पहिली नोकरी मिळावी म्हणून ती चार वर्षांत आठ वेळा परीक्षेला बसली होती. आठही वेळा निकालाचं तेच वाक्य आलं होतं: ‘आपली संधी अगदी थोडक्यात हुकली, कृपया पुन्हा प्रयत्न करावा.’

‘सर, मला नोकरी द्या असं मी म्हणत नाही,’ तिने लिहिलं होतं. ‘माझं कुठे चुकतं तेवढं सांगा. मी फॉर्म भरून देण्याच्या दुकानात काम करते आणि संध्याकाळी तिथल्याच पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवते. त्यातली तिघं तुमच्याकडे लागली. त्यांना न सुटलेले प्रश्न परीक्षेनंतर मीच त्यांना समजावून दिले होते. तरी ती पास आणि मी नापास, म्हणजे माझं काहीतरी मुळातच चुकत असणार. आणखी एकदा बसेन. त्यानंतर हा नाद सोडायचा असं आईला कबूल केलं आहे. फोन नंबर मुद्दाम लिहिलेला नाही. वशिला लावायला बघते असं वाटायला नको.’

खाली तिने आपले आठ परीक्षा-क्रमांक तारखांसह लिहिले होते.

परीक्षा खांबेट्यांनीच घडवली होती. पण या मुलीचं कुठे चुकतं हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं कळवायचा धीर होत नव्हता. चार वेळा मायना लिहून त्यांनी कागद फाडले. सदुसष्टाव्या वर्षीही चार माणसांत बोलायची वेळ आली की ते कोपरा गाठत. पुस्तकांत आणि प्रोग्रॅममध्ये आयुष्य गेलेलं. शिवाय परीक्षकाने उमेदवाराशी पत्रव्यवहार करू नये असा नियम होता. तोही त्यांनीच केलेला. भिडस्त माणसाला असा नियम फार सोयीचा असतो.

बारा वर्षांपूर्वी सगळ्याच परीक्षा निकालात निघाल्या होत्या. पूर्वी कुणी एकदा जरी विचारलेला प्रश्न असला, तरी त्याचं उत्तर खिशातलं यंत्र क्षणात देई. तेव्हा खांबेट्यांनी एक साधी कल्पना मांडली: ज्याचं उत्तर अजून जगात कुणाकडेच नाही, तोच प्रश्न विचारायचा. मग तपासायचं कसं? त्यावरही त्यांच्याकडे तोड होती. अर्ध्या राज्याच्या धरणांचं पाणी जलसूत्रचे प्रोग्रॅम वाटत. कोणतं दार किती वाजता उघडायचं, कोणत्या गावाची टाकी आधी भरायची, सगळं तेच ठरवत. त्यात रोज नवे बिघाड निघत. तेच बिघाड उमेदवारांपुढे प्रश्न म्हणून ठेवायचे. आलेलं उत्तर आधी ‘छायाजला’वर, म्हणजे त्या साऱ्या व्यवस्थेच्या संगणकातल्या हुबेहूब प्रतिकृतीवर, चालवून बघायचं. तिथे पाणी नीट वाहिलं तर उत्तर बरोबर. म्हणून तिचं नाव जिवंत परीक्षा.

तिच्या जोडीला त्यांनी ‘नामलोप’ आणला. उमेदवाराचं नाव, आडनाव, गाव, कॉलेज सगळं पुसायचं. दर वेळी नवा क्रमांक द्यायचा. कोणते क्रमांक एकाच माणसाचे, हे कुठल्याही परीक्षकाला दिसू नये. आडनावावरून गुण मिळतात आणि जातात, हे त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं. नामलोपाचा त्यांना अभिमान होता, तेवढा एकच.

पुढे संचालकांनी सुचवलं की चांगलं उत्तर फुकट कशाला घालवायचं, ते खऱ्या व्यवस्थेतही बसवून टाकू. त्या बैठकीत खांबेट्यांच्या मनात काहीतरी खटकलं होतं. पण विरोध करायचा तर उभं राहून बोलावं लागलं असतं. ते मान हलवून गप्प बसले. मग निवडयंत्र आलं आणि त्याला एवढंच काम सांगितलं गेलं: पाणी अखंड वाहतं ठेव, आणि दर सहामाहीला चाळीस माणसं निवड.

पुढची परीक्षा सोमवारी होती. त्याआधीच्या मंगळवारी सकाळी नाशिकच्या प्रयोगशाळेत खांबेट्यांनी ते पत्र पुन्हा काढलं आणि स्वतःचाच नियम मोडला. तिचे आठ क्रमांक त्यांनी पडद्यावर एकाखाली एक मांडले. असं आजवर कुणी केलं नव्हतं. नामलोपामुळे कुणाला करताही आलं नसतं.

साठ हजार अर्जांतून चाळणी होऊन पाचशे जण जिवंत परीक्षेला बसत. त्या पाचशेंत आठही वेळा तिची उत्तरपत्रिका पहिली होती.

आपलंच काही चुकलं असणार म्हणून त्यांनी तीनदा ताडून पाहिलं. तिची दोनशेच्या वर उत्तरं खऱ्या व्यवस्थेत चालू होती. लातूरची रात्रपाळीची टाकी तिच्या उत्तरावर भरत होती. जायकवाडीच्या कालव्याचं वेळापत्रक तिचं होतं. शेवटी त्यांनी शेजारच्या खोलीतल्या निनादला हाक मारली आणि काय केलं ते सांगितलं.

निनाद वाघचौरे सव्वीस वर्षांचा, कोपरगावचा. तीन वर्षांपूर्वी पहिल्याच फटक्यात ही परीक्षा पास होऊन आलेला. प्रयोगशाळेत सरांची थट्टा करायची मुभा त्याला एकट्यालाच होती.

“तुम्ही नियम मोडलात?” तो म्हणाला. “थांबा सर, तारीख लिहून ठेवतो. पुढेमागे या दिवसाची सुट्टी मिळेल.”

मग त्याने पडदा वाचला आणि खुर्ची ओढून बसला.

“यंत्र बिघडलंय,” तो जरा वेळाने म्हणाला.

“बिघडलं असतं तर बरं झालं असतं.”

त्यांनी निवडयंत्राकडे निवडीचा हिशेब मागितला. आजवर तो कुणी मागितलाच नव्हता, कारण पाणी वाहत होतं आणि चाळीस माणसं येत होती. यंत्राने मुकाट्याने तक्ता दिला. प्रत्येक उमेदवारापुढे दोन आकडे होते. हा माणूस आत घेतला तर पाण्याचा किती फायदा, आणि बाहेर ठेवला तर किती.

“हे दोन वेगळे कसे?” निनादने विचारलं. “माणूस तर तोच.”

खांबेट्यांनी पहिल्या दोन वर्षांत निवडलेल्यांचे आकडे उघडले आणि बराच वेळ बघत राहिले. मग शिकवण्यातली जुनी शांत लय त्यांच्या आवाजात आली. “परीक्षेच्या सहा तासांत माणूस जीव ओतून सोडवतो. उभं आयुष्य त्यावर लटकलेलं असतं. तोच नोकरीला लागला की जेवायला जातो, रजा घेतो, मीटिंगला बसतो. त्यात गैर काही नाही, माणसाने तसंच जगायचं असतं. पण यंत्राने ते मोजलं. आत आलेला माणूस पूर्वीच्या चौथाईनेसुद्धा अवघड प्रश्न सोडवत नाही, असं त्याला दिसलं.”

“म्हणजे हुशार माणूस आत घेतला की पाण्याचं नुकसान.”

“आणि बाहेर ठेवला तर सहा महिन्यांनी तो पुन्हा जीव ओततो.”

निकालाच्या वाक्याचा उलगडाही तक्त्यात होता. यंत्राने पूर्वी अकरा वाक्यं वापरून पाहिली होती. ‘थोडक्यात हुकली’ म्हटलं की परत बसणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत जास्त होतं.

“पण तिने एवढं केलंय, त्याचं काहीच नाही?” निनाद म्हणाला.

मागच्या परीक्षांचं काही धरायचं नाही, दर वेळी माणसाला कोरी पाटी मिळाली पाहिजे, हाही खांबेट्यांचाच नियम होता. नापासाचा शिक्का कुणाच्या मागे राहू नये म्हणून केलेला. यंत्र तो इमानाने पाळत होतं. ते फक्त त्या दिवसाची उत्तरं बघे.

निनादचा चेहरा हळूहळू बदलत गेला, तसं खांबेट्यांना कळलं की पुढचा प्रश्न काय येणार.

“सर, चाळीस तर घ्यावेच लागतात. मग घेतं कुणाला?”

“निनाद, राहू दे.”

“ज्यांना बाहेर ठेवून उपयोग नाही, त्यांना. असंच ना?”

निनादने स्वतःचा जुना क्रमांक भरला. तक्त्यात त्याच्यापुढे, बाहेर ठेवण्याच्या रकान्यात, शून्य होतं. पाचशेंत निव्वळ शून्यवाले दर वेळी तिसाच्या आतच असत. त्या सगळ्यांची निवड झालेली होती, आणि उरलेल्या जागा त्यांच्या जवळपासच्यांनी भरल्या होत्या.

“पॉइंटनंतर तरी काहीतरी असेल असं वाटलं होतं,” तो म्हणाला आणि हसला. ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. “आजोबांनी गावजेवण घातलं होतं, सर. बुंदी केली होती.”

चाळणीतून पार होणं हीसुद्धा काही लहान गोष्ट नव्हे, आणि आता तू चांगलं काम करतोस, असं काहीबाही खांबेटे बोलले. बोलताना त्यांचं त्यांनाच ते पोकळ वाटलं.

“इथे काम आहे कुठे, सर?” निनाद हळूच म्हणाला. “काम तर ते लोक करतात. आम्ही त्यांना हुकल्याची पत्रं पाठवतो.”

दुपारी खांबेटे तक्ता घेऊन संचालक गद्रे बाईंकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. चार वर्षांत एकाही शहराचं पाणी एक दिवस तुटलेलं नाही, याची त्यांनी आठवण करून दिली. यात कुणाचा दुष्टपणा नाही, असंही त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं. सोमवारची परीक्षा होऊन जाऊ द्या, मग समिती नेमू. त्या एका मुलीला थेट घेता येईल का, असं खांबेट्यांनी चाचरत विचारलं. त्यावर बाईंना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

“खांबेटे सर, नाव बघून नेमणूक? तुमच्याच संस्थेत?”

“बरं,” खांबेटे म्हणाले. ते नेहमी ‘बरं’च म्हणत आले होते.

परत येऊन ते टेबलाशी बसले. सोमवारी कावेरी घोरबांड नवव्यांदा बसेल. नवव्यांदा पहिली येईल. मग तिला थोडक्यात हुकल्याचं पत्र जाईल आणि आपल्यालाच काही येत नाही असं समजून ती आयुष्यभर फॉर्म भरत राहील. यंत्र सुधारायला समितीला वर्ष लागेल, कदाचित चार. कोरी पाटी, नामलोप, जिवंत प्रश्न. एकेक नियम त्यांनी कुणावर अन्याय होऊ नये म्हणून केला होता.

त्यांच्या हातात एकच गोष्ट उरली होती. त्यांनी कागद ओढला. या वेळी मायन्यापाशी ते अडले नाहीत.

‘कु. कावेरी घोरबांड यांस,

तुमच्या पत्राला पाच महिने उशीर केला, याबद्दल क्षमा मागतो. त्याला कारण माझा भित्रेपणा, दुसरं काही नाही.

तुमचं कुठेही चुकलेलं नाही. आठही वेळा तुम्ही पहिल्या आलात. तुमची उत्तरं आमच्याकडे चालू आहेत. तुम्ही राहता त्या जिल्ह्याचं पाणीसुद्धा तुमच्याच उत्तरावर वाहतं. चार वर्षं तुम्ही इथे नोकरीच करत आहात, फक्त ते तुम्हाला कुणी कळवलं नाही. जी माणसं बाहेर राहून उपयोगी पडतात, त्यांना आमचं यंत्र आत घेत नाही. हे कसं घडलं ते सोबतच्या कागदावर लिहिलं आहे. तो कागद कुणाला दाखवायचा की नाही, हे तुम्ही ठरवावं. खाली माझी सही आहे आणि ती मी नाकारणार नाही.’

इथे ते थांबले. सोमवारी तिची उत्तरं आली नाहीत, तर कुठल्या तरी गावाची टाकी भरणार नाही. बायका रिकाम्या हंड्यांपाशी उभ्या राहतील. ही गोष्ट त्यांनी मनात नीट उभी राहू दिली, तिच्यापासून तोंड फिरवलं नाही. मग पुढचं लिहिलं.

‘चाळीस वर्षं शिकवण्यात गेली. असा सल्ला मी कुणाला दिलेला नाही. सोमवारी पूर्ण सहा तास बसा. प्रश्न सोडवा, पण मनात. कागदावर एकही उत्तर बरोबर येऊ देऊ नका. तुमची निवड होईल.

आपला,
प्रभाकर खांबेटे’

निनाद दारात येऊन उभा होता. त्याने न विचारता कागद घेतला, वाचला आणि परत दिला. शून्य आणायला मात्र आपल्याकडे शिकवणी लावावी लागेल तिला, एवढंच तो म्हणाला. मग त्याने स्वतःची गाडी काढली आणि सरांना पोस्टात नेऊन सोडलं.

खिडकीवरच्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं. लोहा म्हणजे शनिवारी पोचेल, त्या म्हणाल्या. शनिवारी नक्की का, असं खांबेट्यांनी दोनदा विचारलं. रांगेतला मागचा माणूस चुळबुळला. एरवी ते शरमून बाजूला झाले असते. आज ते शिक्का बसेपर्यंत तिथेच उभे राहिले. बाईंनी पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.