कान कापलेली मांजरं

पाचवं मांजर पाण्याच्या टाकीमागे सापडलं. वॉचमनने आधी नाक दाबलं, मग एक सणसणीत शिवी हासडली आणि थेट फौजदारबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला.

"बाईसाहेब, अजून एक गेलं."

पोलिसातून निवृत्त झाल्यावर सकाळचा चहा निवांत प्यायचा, असं फौजदारबाईंनी ठरवलं होतं. ठरवायला काय जातं? मांजरं त्यांना मुळीच आवडत नसत. मांजराचा एक केस उडाला तरी शिंकांवर शिंका सुरू व्हायच्या. पण मेलेलं काहीही दिसलं की ते कसं मेलं हे विचारल्याशिवाय या बाईला अन्न गोड लागत नसे. सवय म्हणा, खोड म्हणा.

टाकीमागे पांढरी मांजरी आडवी पडली होती. तोंडाला फेस, पाय ताठ. डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं, तेही तिरकं आणि जरा जास्तच खोल. जखम मात्र जुनी, कधीच भरून आलेली. पोटाखालची आचळं दुधाने तट्ट फुगली होती. शेजारच्या पायऱ्यांखालून बारीक, किरटे आवाज येत होते.

"पिल्लं आहेत," वॉचमन म्हणाला. "डोळेसुद्धा उघडले नाहीत अजून."

"मग माझं तोंड काय बघतोस? खोक्यात घाल त्यांना. आणि कालचा बोका कुठाय?"

"कचऱ्याच्या खोलीत. गाडी आली नाही ना."

बोका काळा होता. त्याचाही कान कापलेला, पण दुसऱ्याच कोनात. बाईंनी काठीने त्याची शेपटी वर उचलली, वाकून पाहिलं, "हं" म्हणाल्या आणि सात शिंका दिल्या.

या कापलेल्या कानांची गोष्ट आधी सांगायला हवी. गेल्या वर्षी वसाहतीत मांजरांवरून रणकंदन झालं होतं. कुणाच्या गाडीवर ओरखडे, कुणाच्या पायपुसण्यावर घाण, कुणाच्या खिडकीखाली बोक्यांचं भांडण. शेवटी तोडगा निघाला. ज्या मांजराचं ऑपरेशन होऊन पिल्लं बंद होतील, ते राहील. बाकीची नगरपालिकेच्या गाडीत जातील आणि गाडीत गेलेलं मांजर परत येत नाही हे शेंबडं पोरही जाणतं. ऑपरेशन झालं की भुलीतच डॉक्टर कानाचं टोक कापतात, म्हणजे लांबूनही ओळखू येतं. हे सगळं अंगावर घेतलं माऊमावशींनी. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या, मांजरांना हाताने भरवायच्या. वर्षभरात वसाहतीत कापलेले कान दिसू लागले, लोक गप्प झाले आणि माऊमावशी सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. उद्या तर नगरपालिकेचे डॉक्टर स्वतः येऊन कान कापलेली मांजरं तपासणार होते. सगळं नीट असेल तर शहरभर हीच पद्धत लागू होणार होती, आणि मावशींचा सत्कार.

अशा वेळी मांजरं मरायला लागली, आणि मारेकरी कोण हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. तळमजल्यावरचे कंपाउंडरकाका.

म्हातारा होताच तसा. जन्मभर दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधल्या, आणि आता दिवसभर खिडकीत बसून मांजरांना शिव्या घालायचा. काठी फेकून मारायचा. "एकेकीला पुडी बांधून देतो," असं चार माणसांदेखत ओरडलाही होता. त्यातच त्यांच्या फडताळात उंदराच्या औषधाचा अर्धा रिकामा डबा निघाला. मग काय, झालंच. आज संध्याकाळी सभा होती. काकांनी वसाहत सोडावी, नाहीतर पोलिसांत तक्रार. काकांच्या मुलाने लगेच कबूल केलं होतं, "मी बाबांना वृद्धाश्रमात ठेवतो."

फौजदारबाई काकांच्या घरी गेल्या तेव्हा सूनबाई काकांच्या खोलीत टेप धरून भिंत मोजत होती.

"काय बसवायचंय?" बाईंनी विचारलं.

"मुलीचं टेबल," सूनबाई म्हणाली आणि टेप गुंडाळला.

"डबा कुणाला सापडला?"

"मलाच."

"आणला कुणी?"

सूनबाई घुटमळली. "बाबांनी. म्हणजे, मीच सांगितलं होतं. स्वयंपाकघरात उंदीर झाले होते ना."

"मग अर्धा रिकामा आहे तो उंदरांमुळेच की."

"असेलही," सूनबाई म्हणाली, "पण लोकांना काय सांगणार?"

खुर्चीत काका बसले होते. बाईंना बघून ते पुढे सरकले.

"बाई, काठ्या मारल्या मी. खोटं कशाला बोलू? डोक्यात जातात ती मांजरं माझ्या. पण विष नाही हो घातलं. या वयात मला घरातून काढतायत. मी मरेन तिथे."

"मुलाला सांगितलंत?"

"सांगितलं. तो म्हणाला, सगळे म्हणतायत."

बाईंना हा खवट म्हातारा कधीच आवडला नव्हता. आजही आवडला नाही. पण खोटा आरोप त्याहून नावडता. त्या तरातरा बाहेर पडल्या आणि वॉचमनला गाठलं.

"उंदराचं औषध वसाहतीत आणखी कुठे आहे?"

"आपल्या स्टोअरमध्ये खोकंभर आहे, बाईसाहेब. किल्ली ऑफिसात असते."

"मेलेली पाचही मांजरं कान कापलेली होती?"

"हो. आणि पाचही माणसाळलेली. बिचारी पायात घोटाळायची."

"आणि ती न कापलेली, उनाड?"

"ती बघा की, भिंतीवर बसलीत. त्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय म्हणून मावशींनी गाडी थांबवून धरलीय. धडधाकट. हावरट एवढी, की उष्टं टाकायचा अवकाश, तुटून पडतात."

एवढ्यात एक तांबूस बोका ऐटीत समोरून गेला. त्याचाही कान कापलेला होता, पण पट्टी लावून आखावा तसा सरळ.

"हा कसा वाचला रे?"

"लाल्या? नशीबवान आहे. मावशींनी ऑपरेशनला नेलेला हा पहिलाच. मी स्वतः पिंजरा रिक्षात ठेवला होता. दुसऱ्या खेपेला नेलेली मांजरी दवाखान्यातच दगावली."

"आणि बाकीच्यांच्या वेळी?"

"मग रिक्षा नाही लागली. डॉक्टर घरीच यायचे म्हणे."

"तू पाहिलेस डॉक्टर?"

"मी गेटवर असतो, बाईसाहेब. येत असतील."

"गेटवर असतोस म्हणूनच विचारतेय."

वॉचमनने डोकं खाजवलं. बाईंनी घरी जाऊन एक फोन केला आणि मग संध्याकाळपर्यंत कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

सभा सोसायटीच्या हॉलमध्ये भरली. खुर्च्या कमी पडल्या. दुसऱ्याची फजिती बघायला लोक जेवण टाकून येतात. माऊमावशी अध्यक्षांच्या खुर्चीत बसल्या होत्या. डोळे रडून सुजलेले. काका भिंतीला टेकून उभे होते, त्यांना बसायला कुणी जागा दिली नाही.

"मला काकांना शिक्षा वगैरे नको," मावशी म्हणाल्या. "मुके जीव त्यांना माफ करतील. फक्त त्यांनी इथून जावं."

"थांबा," फौजदारबाई उठल्या. "मला तीन शंका आहेत. फेडा आणि मग काकांना खुशाल घालवा."

हॉलमध्ये कुजबुज झाली.

"पहिली शंका. विष उघड्यावर ठेवलं असतं तर आधी उनाड मांजरं मेली असती. ती हावरट आहेत. एकही मेलं नाही. म्हणजे विष एकेकाला जवळ बोलावून, हातातून भरवलंय. काका दिसले तरी मांजर भिंतीपलीकडे उडी मारतं. ते यांच्या हातून खाईल?"

काकांनी मान वर केली.

"दुसरी. मेली ती सगळी कान कापलेली. पण कान कापलेला लाल्या जिवंत आहे. तोही माणसाळलेलाच, दिवसभर मावशींच्या मांडीवर असतो. त्याला का सोडलं? मी त्याचा कान पाहिला. काप एकदम सरळ. भूल दिलेलं मांजर हलत नाही, डॉक्टर चिमट्यात धरून कापतात. मेलेल्यांचे कान मात्र एक असा, एक तसा. जागं मांजर जिवाच्या आकांताने तडफडत असताना कापले की असे होतात."

कुणीतरी "अगं आई" म्हणालं.

"तिसरी. मेलेल्या पांढरीला पिल्लं झालीत, आताच. कान मात्र वर्षापूर्वी कापलेला. ऑपरेशन झालेल्या मांजरीला पिल्लं होतात का? आणि काळ्या बोक्याची शेपटी मी उचलून पाहिली. देवाने दिलेलं सगळं जागच्या जागी होतं."

मागच्या रांगेत एकजण फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला.

"मी दवाखान्यात फोन केला. आपल्या वसाहतीतून तिथे दोनच मांजरं गेली. एक लाल्या, एक दगावलेली. घरी येणारा डॉक्टर त्यांच्याकडे नाही. कधी नव्हताच." बाई मावशींकडे वळल्या. "उद्या नगरपालिकेचे डॉक्टर कान कापलेली मांजरं हातात घेऊन तपासणार होते. लाल्याच्या तपासणीची तुम्हाला भीती नव्हती. बाकीच्यांची होती. स्टोअरची किल्ली तुमच्याच ऑफिसात असते. बोला, मावशी. डॉक्टर कोण होता?"

मावशी ताडकन उठल्या. मग एकदम त्यांचा आवाज चढला.

"तुम्ही! तुम्ही सगळे! रोज माझ्या दारात यायचात. कान दाखवा, नाहीतर गाडी बोलावतो! दवाखान्यात नंबर लागत नव्हता. दुसऱ्याच खेपेला ती पोर तिथे टेबलावर मेली. मी काय करायचं? तुम्हाला कान हवा होता ना? मी कान दिला!"

"कशाने कापलात?"

"शिवणाच्या कात्रीने. टॉवेलात घट्ट गुंडाळून."

"भूल?"

"भूल मला कोण देणार? ओरडायची ती. मीही रडायचे त्यांच्याबरोबर. पण जगली ना? वर्षभर जगली माझ्यामुळे!"

"आणि मग तुम्हीच मारलीत."

"उद्या सगळं उघडं पडलं असतं." मावशींनी पदराने तोंड पुसलं. "इतकी वर्षं मला कुणी हाक मारून विचारत नव्हतं. आता रस्त्यात थांबून बोलतात लोक. पांढरी शेवटपर्यंत माझा हात चाटत होती हो."

बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला. तो त्यांना विचारायचा नव्हता, पण राहवलं नाही.

"आणि काकांवर आळ आला तेव्हा? एका माणसाचं घर जाताना बघत बसलात?"

"त्यांचं काय," मावशी अगदी सहज म्हणाल्या. "ते असेही कुणाला नको होते."

सूनबाईने मान खाली घातली.

पुढचं सगळं झटपट झालं. मावशींनी राजीनामा द्यावा असं ठरलं. मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की म्हणजे लाल्या सोडला तर एकाही मांजराचं ऑपरेशन झालेलंच नाही! उद्या सकाळीच गाडी बोलवा. हात वर झाले, सगळेच्या सगळे.

"आणि खोक्यातली पिल्लं?" वॉचमनने विचारलं.

"ती काय वेगळी आहेत का? तीही द्या," एकजण म्हणाला आणि लोक घरोघरी जेवायला गेले.

फौजदारबाई तिथेच उभ्या राहिल्या. गुन्हेगार सापडला होता आणि उरलेल्या मांजरांचा निकालही आपल्याच तोंडून लागला होता. शिंक मात्र एकही आली नाही.

हॉलमध्ये आता बाईंखेरीज काका, मुलगा आणि सूनबाई एवढीच उरली होती. मुलगा वडिलांच्या पाया पडला.

"बाबा, चुकलो मी. मला माफ करा."

"ऊठ रे. होतं असं." काकांचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. म्हातारा हसताना बाईंनी पहिल्यांदाच पाहिला. "चल, घरी जाऊ. सकाळपासून घास उतरला नाही बघ घशाखाली."

मुलगा उठला, पण चालायला लागला नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तो तिच्या ताटाखालचं मांजर होता, हे अख्ख्या वसाहतीला ठाऊक होतं.

"बाबा," सूनबाई हळू आवाजात म्हणाली, "आश्रमात जागा मिळायला किती वशिले लावावे लागले यांना. आता सोडली तर पुन्हा मिळायची नाही."

"पण मी केलं नाही ना ते," काका म्हणाले.

"नाहीच केलंत. आम्ही सगळ्यांना सांगू तसं," मुलगा म्हणाला. "पण आता ठरलंच आहे, तर…"

काका फौजदारबाईंकडे वळले. या बाईकडे उत्तर असतं, एवढं त्यांना आज कळलं होतं.

"बाई, मी सुटलो ना?"

"सुटलात, काका."

"मग हे मला का नेतायत?"

फौजदारबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने वडिलांचा दंड धरला, अगदी हलक्या हाताने, आणि त्यांना दाराकडे वळवलं.

"चला बाबा, दोन घास खाऊन झोपा. सकाळी लवकर निघायचंय."