मेन खाली होता

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. हे माझ्या सख्ख्या मामाच्या घरात घडलंय. त्याच्या तोंडून मी ते तीनदा ऐकलंय आणि तिन्ही वेळा एक शब्दही इकडचा तिकडे झालेला नाही.

वेळ रात्रीची नव्हती. वादळानंतरचा चौथा दिवस, दुपारचे साडेचार.

मामा वायरमन. तीस वर्षं लोकांच्या घरात उजेड पाडला, स्वतःच्या घराचं फिटिंग मात्र बापाच्या काळातलं. "करू गं, पळतंय का कुठे," हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्यावरून मामी त्याला येताजाता टोमणे मारायची.

त्या दुपारी तिच्यात टोमणे मारायचंही त्राण नव्हतं.

तिची फुप्फुसं अधू झालेली. ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास लागायचं. चार दिवस लाइट नाही. रस्त्यावर झाडं आडवी, म्हणजे गाडी निघायचा प्रश्नच नाही. हाताशी होता तो एकच सिलिंडर, आणि त्याचा काटा लाल पट्ट्यात गेलेला.

जेमतेम अर्धा तास...

साउंड सिस्टिमवाल्या मित्राने हातगाडीवरून जनरेटर आणून दिला, तेव्हा मामाला रडूच यायचं बाकी होतं.

साध्या माणसाने काय केलं असतं? लांब एक्स्टेन्शन ओढून मशीन थेट जनरेटरला जोडलं असतं. पण मामा पडला वायरमन. त्याने दोन्ही टोकांना पिना असलेली वायर काढली. एक टोक जनरेटरला, दुसरं मागच्या दाराजवळच्या सॉकेटमध्ये. दोरी खेचली की सगळं घर चालू होणार.

गिऱ्हाइकांना तो हे कधी करू द्यायचा नाही. कारण घराचा मेन स्विच चालू राहिला, तर जनरेटरचा करंट उलटा बाहेरच्या तारेत जातो. आणि तार मेलेली समजून कुणी खांबावर चढलेला असेल, तर तो जिवंत खाली येत नाही.

"मी आधी मेन खाली करतो. मला नका शिकवू," मामा म्हणायचा.

त्या दिवशीही त्याने दांडा खाली ओढला. खट्ट.

धूर आत नको म्हणून जनरेटर मागच्या अंगणात ठेवला होता. मामाने दोरी खेचली.

जनरेटर सुरू झाला... आणि कण्हायला लागला.

मशीन अजून लावलंही नव्हतं. रिकाम्या घराला एवढा लोड कुठून?

दोन गचके देऊन तो बंद पडला.

आणि मग त्या शांततेत...

टण्... टण्... टण्...

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या लोखंडी खांबावर कुणीतरी पक्कड ठोकत होतं. तीनदा.

मामाने हातातली दोरी सोडून दिली.

अशी पक्कड ठोकणारा एकच माणूस त्याला माहीत होता. बारक्या. लाइनमन, मामाचा जिवाभावाचा दोस्त. खांबावर चढण्याआधी तो तीनदा ठोकायचा. मग ज्यांच्या घरी जनरेटर असेल, त्यांच्या खिडकीशी जाऊन विचारायचा, "बंद?" आतून "बंद!" आलं, की मगच त्याचा पाय वर पडायचा.

अकरा वर्षांपूर्वी, अशाच वादळानंतर, त्याच खांबावर बारक्या गेला. कुणाच्या तरी घरातून करंट उलटा आला होता. सगळ्यांनी गल्लीतल्या जनरेटरवाल्या किराणावाल्याकडे बोट दाखवलं. बिचारा घर विकून निघून गेला. मामानेही त्या दिवशी भाड्याचा जनरेटर लावला होता. पण त्याने चौकशीत छातीठोकपणे सांगितलं होतं, "माझा मेन खाली होता."

खोटं नव्हतं ते.

"अहो..." आतून मामीचा आवाज आला. "होतंय का?"

"झालंच," मामा म्हणाला.

त्याने पुन्हा दोरी खेचली. इंजिन घरघरलं. मशीन लावायला तो आत आला, आणि मेनच्या बोर्डाशेजारच्या खिडकीतून, अगदी जवळून...

"दादा, बंद?"

खिडकीत कुणीच नव्हतं.

बारक्या त्याला दादाच म्हणायचा. त्या दिवशीही त्याने इथूनच विचारलं होतं. मामाने खाटेवरून न उठता ओरडून उत्तर दिलं होतं.

आताही शब्द ओठांवर आला आणि तिथेच अडकला. कारण दांडा खाली आहे, एवढंच त्याला माहीत होतं. टेस्टर त्याने लावला नव्हता. आजही नाही... त्या दिवशीही नाही.

त्याने बाहेरून येणाऱ्या तारेला टेस्टर लावला. मेन खाली. तार मेलेली असायला हवी.

टेस्टरचा दिवा लागला.

लाइट आली असेल, देवा, लाइटच आली असेल! मामा धावत अंगणात गेला. जनरेटर बंद केला आणि परत येऊन पाहिलं.

दिवा विझलेला होता.

करंट त्याच्याच घरातून बाहेर जात होता.

"अहो..." मामीचे ओठ निळे पडायला लागले होते.

मामाने सॉकेटमधली पिन उपटली, ती वायर भिरकावली आणि मोठं एक्स्टेन्शन फरफटत आणून मशीन थेट जनरेटरला जोडलं. दोरी खेचताच मशीन सुरू झालं. मामीच्या छातीचा भाता पुन्हा हलायला लागला. तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला, आणि अनवाणीच कोपऱ्याकडे पळत सुटला.

खांबाच्या टोकाशी एक अनोळखी लाइनमन होता. तारेपासून हातभर अंतरावर.

"पक्कड तुम्ही ठोकलीत?" मामा खालून ओरडला. "खिडकीशी येऊन विचारलंत?"

"नाही हो काका. आम्ही आत्ताच आलो. ऑफिसवाले म्हणाले, लाइन मेलेली आहे, चढा. पक्कड तर अजून खाली पिशवीतच आहे."

मामा तिथेच चिखलात बसला.

लाइट आल्यावर त्याने घरात रीतसर, जनरेटर आणि बाहेरची तार कधीच एकत्र जोडू न देणारा चेंजओव्हर स्विच बसवला आणि जुना मेन उघडून पाहिला. दांडा खाली जात होता, पण आतली एक पट्टी जागची हलतच नव्हती. वितळून चिकटली होती. तिच्यावर गंजाचं पुटावर पूट चढलेलं होतं. एकदोन वर्षांचं नव्हे.

तो मेन त्याने टाकलेला नाही. बारक्याची बायको अजून त्याच गावात राहते. अजूनही किराणावाल्याला शिव्याशाप देते.

मागच्या महिन्यात मामा आमच्याकडे आला होता. मी म्हणालो, "मामा, त्या माउलीला सांगून टाक आता."

"सांगू रे. पळतंय का..."

तेवढ्यात लाइट गेली.

मामाने हातातला कप खाली ठेवला. "ऐकलंस?"

"नाही," मी म्हणालो.

मी खोटं बोललो. तीन ठोके मीही ऐकले होते. आमच्या गल्लीत सगळ्या तारा जमिनीखालून जातात. खांब एकही नाही.